आमच्या बँकेतला जॉर्ज

वाङ्मयात राजे पुष्कळ. त्यांच्या खालोखाल कवी, मग शिपाईगडी, मग डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक. प्राध्यापकांची तर अशी गर्दी, की पुस्तक लिहिणारे, ते वाचणारे, वर्गात शिकवणारे आणि पुस्तकातले नायक हे चौघेही पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. बँकेतल्या कारकुनाला मात्र वाङ्मयाच्या काउंटरवर कोणी विचारत नाही. फार तर एखाद्या रहस्यकथेत दरोडा पडतो, तेव्हा तो दोन्ही हात वर करून भिंतीला पाठ लावून उभा राहतो. तेवढीच त्याची साहित्यसेवा. म्हणून जेरोम के. जेरोम या इंग्रज लेखकाच्या 'थ्री मेन इन अ बोट' या १८८९ सालच्या पुस्तकात तीन मित्रांपैकी एक जण चक्क बँकेत नोकरीला आहे असे कळले, तेव्हा एखादा दूरचा आतेभाऊ विलायतेत नाव काढून बसल्याचा आनंद मला झाला.

हा आनंद त्या आतेभावाची नीट ओळख होईपर्यंत टिकला. त्याचे नाव जॉर्ज. जॉर्ज बँकेत काम करतो असे सरळ न सांगता जेरोमने त्याच्या कचेरीच्या वेळांचा हिशेब झोपेच्या वेळांत दिला आहे. शनिवारी अर्धा दिवस, म्हणून त्या दिवशी झोपही अर्धीच! एकशे तीसहून अधिक वर्षे जगभरचे वाचक या विनोदाला हसताहेत. माझे मित्रही हसले, आणि जरा जास्तच वेळ हसले.

बी.कॉम. झालेल्या माणसाने साहित्यसमीक्षा करावी काय, असा प्रश्न आमच्या मास्तरने उपस्थित केला आहे. मास्तर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. तो स्वतः मुलांना भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात साहित्यावर बोलतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. पण माझे म्हणणे साधे आहे. गेली वीस वर्षे मी दुसऱ्याच्या हिशेबातली चूक शोधण्याचा पगार घेतो आहे. समीक्षा म्हणजे याहून निराळे काय असते?

तर पुस्तकाकडे वळू. कथानक म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल आणि खाली 'लहानांस आशीर्वाद' लिहायला जागा उरेल. तीन तरुण. एक लेखक स्वतः, दुसरा हॅरिस, तिसरा आमचा जॉर्ज. शिवाय मॉन्टमोरेन्सी नावाचा एक भांडखोर फॉक्स टेरियर. आपल्याला काहीतरी झालंय असं तिघांनाही वाटत असतं. लेखकाने तर वैद्यकाच्या एका जाड ग्रंथातले सगळे रोग क्रमाने वाचून पाहिले आणि गुडघ्याचे एक किरकोळ दुखणे सोडले तर बाकी सगळे आपल्याला झाले आहेत असा निष्कर्ष काढला. तेव्हा हवापालट हवा. लंडनजवळच्या किंग्स्टनपासून ऑक्सफर्डपर्यंत थेम्स नदीतून होडी वल्हवत जायचे ठरते. सुमारे ९० मैल, मुदत पंधरा दिवस. जातात. येताना पाऊस लागतो. संपले.

पुस्तकातली सहल पंधरवड्याची असली, तरी तिचे मूळ रविवारच्या सहलीत आहे. जेरोमचे 'माय लाइफ अँड टाइम्स' हे आत्मचरित्र १९२६ साली निघाले. त्यात तो सांगतो, की तो, जॉर्ज विंग्रेव्ह आणि कार्ल हेन्शेल असे तिघे रविवारी सकाळी आगगाडीने रिचमंडला जात आणि तिथून होडीने नदीवर भटकत. हेन्शेल हाच पुस्तकातला हॅरिस. पुढे नदीवर माणसांची गर्दी व्हायला लागली, तेव्हा त्यांनी आणखी वर, मेडनहेडपासून सुरुवात करायचा परिपाठ ठेवला. म्हणजे गर्दी टाळायला जिथे जावे तिथे गर्दी टाळणाऱ्यांची गर्दी झालेली, हा अनुभव लोणावळ्याच्या आधी थेम्सला आला होता.

या गर्दीत होते कोण? तर आमच्यासारखेच. दुकानांतले नोकर, कचेऱ्यांतले कारकून. १८७१ साली इंग्लंडात बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि वर्षातून चार सोमवार-बिमवार हक्काच्या सुटीचे ठरले. हा कायदा आणणारे सर जॉन लबक हे स्वतः बँकेचे मालक होते. ही गोष्ट मी आमच्या शाखेत जेवणाच्या सुटीत सांगितली, तर कोणाचा विश्वास बसला नाही. बँकेच्या मालकाने बँक बंद ठेवण्याचा कायदा करावा! कृतज्ञ लोक त्या सुट्यांना म्हणे 'संत लबक' यांचे दिवस म्हणत. आम्हांला दुसरा आणि चौथा शनिवार मिळायला १ सप्टेंबर २०१५ उजाडावा लागला, आणि त्या बदल्यात उरलेले शनिवार अर्ध्याचे पूर्ण झाले. आमच्यात कोणी संत नसल्यामुळे असा हिशेब चुकता करावा लागतो.

नदीवर कारकून दिसू लागले इथवर ठीक होते. पण नदीवर गेलेल्या कारकुनाने पुस्तक लिहावे, तेही कारकून बोलतात तशा भाषेत, हे लंडनच्या समीक्षकांना सोसले नाही. जेरोमनेच नोंदवून ठेवले आहे, की 'स्टँडर्ड' या पत्राला तो इंग्रजी साहित्यावरचे संकट वाटला, आणि खालच्या थरांतल्या लोकांना फाजील शिकवले की काय होते याचा नमुना म्हणून 'मॉर्निंग पोस्ट'ने त्याच्याकडे बोट दाखवले. 'पंच' साप्ताहिकाने त्याचे नाव 'आरी के. आरी' असे करून टाकले. 'हॅरी'मधला 'ह' खाऊन बोलणारा लंडनचा हलका माणूस, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे 'आनी-पानी' म्हणणाऱ्याची जी संभावना होते, तीच ही.

जेरोमचा गुन्हा तसा खराच होता. वयाच्या चौदाव्या वर्षी तो लंडनच्या रेल्वे कंपनीत कारकून म्हणून चिकटला. मग नट झाला, मास्तर झाला, वकिलाकडे कारकून झाला. विद्यापीठाची पायरी चढला नाही. अशा माणसाने थोरामोठ्यांच्या नदीत उतरून तिथे लोणी कुठे सांडले, डबा कसा उघडला नाही आणि ओले कपडे कोणी कोणाच्या अंगावर टाकले, एवढेच पाहावे! ज्या समीक्षकांना हे हलके वाटले, त्यांची नावे आज त्यांच्या पणतवंडांना तरी ठाऊक असतील की नाही, शंका आहे. पुस्तक मात्र इतके खपले, की मी जेरोमला मानधनाचे एवढे पैसे देतो, मग ही पुस्तके जातात कुठे, लोक खातात की काय, असे त्याचा प्रकाशक अ‍ॅरोस्मिथ म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. बँकेच्या भाषेत याला ग्राहकांचे समाधान म्हणतात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मित्रांच्या सहलीवरचे आमच्या पिढीचे दोन धर्मग्रंथ म्हणजे २००१ सालचा 'दिल चाहता है' आणि २०११ सालचा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. पहिल्यात तीन मित्र गोव्याला जातात आणि किल्ल्याच्या तटावर बसून समुद्राकडे बघतात. तेव्हापासून छापोऱ्याच्या किल्ल्यावर तशाच पोझमध्ये बसणाऱ्यांची रीघ लागली आहे. दुसऱ्यात तीन मित्र स्पेनला जातात. तिथे एक जण पाण्याखाली जातो आणि त्याची पाण्याची भीती पळते. मग तिघेही विमानातून उड्या मारतात. शेवटी बैलांच्या पुढे धावतात आणि तेवढ्यात लग्न, नोकरी, वडील असे सगळे प्रश्न सुटतात. त्यांतला एक जण पैशांच्या व्यवहारातलाच आहे, लंडनचा दलाल. तो प्रवासात सारखा फोनवर बोलत असतो आणि शेवटी जगायला शिकतो. त्याचा पगार मला मिळाला असता, तर मीही बैलांपुढे न धावता शिकलो असतो.

पाहायला दोन्ही चित्रपट उत्तम आहेत. मी दोन्ही दोनदा पाहिले. पण त्यांनी आमच्या मनात एक खोटी अपेक्षा पेरून ठेवली. ती म्हणजे मित्रांबरोबर दोन दिवस बाहेर गेलेला माणूस बदलून परत येतो. 'दिल चाहता है' पाहून आलो त्या रात्री आम्ही चौघांनी गोव्याला जायचे ठरवले. ते अजून ठरलेलेच आहे. गेलो ते माथेरानला. आमच्यात मी, मास्तर, एक विमेवाला आणि एक औषधांच्या दुकानाचा मालक. नेरळला उतरून त्या छोट्या गाडीत बसलो, वर लाल मातीत दोन दिवस चाललो, चिक्की घेतली आणि उतरलो. घोड्यावर बसून कोणाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली नाही. मिळाली ती विमेवाल्याच्या कमरेला, आणि तिचा विमा त्याने उतरवला नव्हता. त्यानंतर पुष्कळ शनिवार-रविवार झाले. कर्जतकडचे शेतघर झाले, अलिबाग झाले, एकदा भोरकडे कोणाच्या तरी मामांची वाडी झाली. आम्ही जसे गेलो तसे परत आलो. फक्त प्रत्येकाकडे दुसऱ्याचा टॉवेल.

यात आमचेच काहीतरी उणे आहे असे मला बरीच वर्षे वाटायचे. जेरोम वाचल्यावर ते मिटले. पंधरा दिवस नदीवर काढून त्याच्या तिघांतला एकही सुधारत नाही. हॅरिसला भूलभुलैयातून बाहेर पडता येत नाही ते येतच नाही. वीसेक लोकांना आपल्यामागे घेऊन तो हॅम्प्टन कोर्टच्या चक्रव्यूहात फिरत राहतो. आत शिरलेल्या अभिमन्यूची हीच अडचण होती, पण त्याने निदान इतरांना मागे लावून नेले नव्हते. जॉर्जने नवा बॅंजो आणलेला असतो. तो त्याला पहिल्या दिवशी येत नाही आणि शेवटच्या दिवशीही येत नाही. लेखकाला स्वतःचा आळस दिसत नाही. दुसरे काम करत नाहीत हे मात्र लगेच दिसते. कोणाचा कोणाशी समेट होत नाही, कारण समेट करण्याइतके भांडण कोणी पुरे करत नाही. मित्रांच्या सहलीबद्दल इतके खरे मी दुसरीकडे वाचलेले नाही. माणूस बदलावा म्हणून संसार आहे, नोकरी आहे, शेजारी आहेत. मित्रांबरोबर माणूस जातो तो दोन दिवस कोणी बदलायला सांगू नये म्हणून.

हे ओळखल्यामुळे जेरोमला मोठ्या घटनांची गरजच पडत नाही. त्याच्या पुस्तकातले सर्वांत थरारक युद्ध कशाशी होते, तर अननसाच्या एका डब्याशी. जेवणानंतर काहीतरी गोड हवे, अननसाचा डबा आहे, आणि डबा फोडायची चावी घरी. खिशातला चाकू होतो, कात्री होते, दगड होतो. शेवटी होडीची डोलकाठी घेऊन डब्यावर प्रहार होतात. डबा चपटा होतो, चौकोनी होतो, भूमितीत नसलेल्या आकारांचा होतो, पण उघडत नाही. अखेर तो नदीत भिरकावला जातो. शाळेत आम्हांला वीररसाची उदाहरणे शिकवली त्यांत हे नव्हते, पण असायला हवे होते. तीन माणसे एका वस्तूवर एकत्र चिडली, की त्यांची आपसांतली चीड विरते. भोरच्या वाडीत आमच्याकडे चूल होती, लाकडे होती, कोंबडी सोलून ठेवलेली होती आणि काडेपेटी नव्हती. विमेवाला सिगारेट सोडून तीन महिने झाले होते. आयुष्यात प्रथमच आम्ही त्याच्या निर्व्यसनीपणाचा एकमताने धिक्कार केला. असे एकमत आमच्यात तेव्हापासून झालेले नाही.

सामान बांधण्याच्या प्रकरणात मात्र मला माझ्या आतेभावाचा अभिमान वाटतो. काय काय न्यायचे याची यादी इतकी लांबते की तेवढे सामान मावेल अशी होडी थेम्समध्ये चालणार नाही. तेव्हा जॉर्ज असा मुद्दा मांडतो, की काय उपयोगी पडेल याचा विचार करू नका, कशावाचून अडेल तेवढ्याचाच करा. सबंध पुस्तकातले शहाणपणाचे बोलणे हे एवढेच, आणि ते बँकेतल्या माणसाच्या तोंडी आहे! जेरोमलाही याचे आश्चर्य वाटते, आणि तो ते लपवत नाही. लगेच या विचारावर आयुष्याच्या होडीविषयी एक लहानसे कीर्तनही तो करून घेतो. कल्पना जॉर्जची, कीर्तन लेखकाचे. आमच्याकडेही टिपण कारकून तयार करतो आणि सही साहेबांची असते.

कीर्तनावरून आठवले. या पुस्तकाचा सर्वांत मोठा दोष तोच आहे. मधूनच जेरोमला आपण साहित्यिक असल्याची आठवण होते. मग रात्र म्हणजे कनवाळू माता होते, नदी गाऊ लागते, चांदण्या कानात बोलू लागतात. रनीमीडपाशी होडी आली, की १२१५ सालचा जॉन राजा आणि त्याचे सरदार हजर होतात आणि दोनतीन पाने हलत नाहीत. आपल्याकडे शाळेत 'आमची सहल' या निबंधात पूर्व दिशेला लाली पसरते, पक्षी किलबिलाट करतात आणि मुलाला प्रत्यक्षात गाडी लागलेली असते, तोच हा प्रकार. यामागचे कारण त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याला विनोदी पुस्तक लिहायचेच नव्हते. थेम्स नदी, तिचा इतिहास, तिच्या काठची स्थळे असा गंभीर ग्रंथ व्हायचा होता, आणि मध्ये जरा गंमत. लिहिता लिहिता गंमतच वाढली. हे लिखाण 'होम चाइम्स' मासिकात क्रमशः येत असताना संपादक एफ. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी इतिहासाचा बराच भाग काढून टाकला. या संपादकांचे उपकार किती मानावेत! माझे एवढेच म्हणणे आहे, की त्यांनी कात्री जरा लवकर खाली ठेवली.

दुसरी एक गोष्ट माझ्या घरी फार गाजली. जेरोमचे लग्न जून १८८८मध्ये झाले. मधुचंद्राला तो बायकोबरोबर थेम्सवरच होडीतून हिंडला. परत आल्यावर लगेच त्याने हे पुस्तक लिहायला घेतले. त्यात बायको नाही. दोन मित्र आहेत आणि कुत्रा आहे. हा कुत्रा, जाणकार सांगतात, प्रत्यक्षात नव्हताच, तो काल्पनिक. मी ही माहिती मोठ्या कौतुकाने सौ.ला सांगितली. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे खऱ्या बायकोच्या जागी खोटा कुत्रा घातला." इंग्रजी समीक्षेत जेरोमवर इतके नेमके वाक्य मला आढळले नाही. त्यावर मी म्हणालो, की अगं, ते वाङ्मयाच्या दृष्टीने आवश्यक होतं. ती म्हणाली, "तुमचं अलिबागपण वाङ्मयच का?"

हा आक्षेप मी बाजूला सारणार नाही. जेरोमच्या होडीत बाई नाही, आणि पुस्तकात बायका येतात त्या बहुधा चांगले कपडे घालून नदीवर आल्याबद्दल चेष्टा करून घेण्यासाठी. चार पुरुषांनी घर सोडून दोन दिवस जायचे, तर तेवढे दिवस घर कोणीतरी सांभाळते, हा खर्च जेरोमच्या हिशेबात कुठेच पडत नाही. ताळेबंद जुळतो तो यामुळे.

पण एका जागी त्याच्या पुस्तकात बाई येते, आणि मग हसू थांबते. गोरिंग गावाजवळ तिघांना पाण्यावर काहीतरी काळे तरंगताना दिसते. ते एका बाईचे प्रेत असते. काठावरची माणसे ते ताब्यात घेतात. तिची हकीकत या तिघांना मागाहून कळते. फसवली गेलेली, मूल झालेले, घरच्यांनी दार बंद केलेले, तुटपुंज्या कमाईवर दिवस ढकललेले आणि शेवटी नदी. जुनीच गोष्ट. दीडेक पान. नंतरच्या प्रकरणाच्या आरंभी हेच तिघे नदीत कपडे धुतात. जॉर्जच्या देखरेखीखाली. कपडे अधिक मळतात आणि नदी स्वच्छ होते, असा विनोद आहे.

पुष्कळांना हा प्रसंग या पुस्तकात खटकतो. मास्तरचे मत असे, की एक तर तो प्रसंग काढायला हवा होता, नाही तर धुण्याचा विनोद. दोन्ही जवळजवळ ठेवणे म्हणजे अभिरुचीचा अभाव. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. आता वाटत नाही, आणि त्याचे कारण पुस्तकाबाहेरचे आहे.

गेल्या फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवारी आम्ही नागावला गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर वाळूत बसलो. विमेवाला जुनी गाणी लावत होता आणि प्रत्येक गाण्याचा संगीतकार चुकीचा सांगत होता. एकाएकी औषधवाला म्हणाला, "पुढच्या महिन्यात दुकान देतोय." हे दुकान त्याच्या वडिलांनी काढलेले. दहावीच्या सुटीत आम्ही चौघेही तिथे बसत असू, आणि गोळ्यांच्या पट्ट्या कापून देण्यात मोठेपणा वाटत असे. आता लोक औषधेही फोनवरून मागवतात, समोरच काचेचे मोठे दुकान आलेय, सवलत देतेय. हे सगळे त्याने चार वाक्यांत सांगितले. आमच्यापैकी कोणालाही याची कल्पना नव्हती. कर्जाचे हप्ते आमच्याच बँकेत नव्हते, नाही तर मला तरी असती.

कोणी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने मास्तरने विचारले, "काकांच्या नावाची पाटी?"

"घरी आणतोय."

पुन्हा थोडा वेळ लाटा. मग विमेवाल्याने विचारले, "उद्या दहाची लाँच, की बाराची?" औषधवाला म्हणाला, "बाराची. कांदे घ्यायचेत." आणि सकाळी त्याने अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा चार घरांसाठी अशा काही घासाघीस करून घेतल्या, की विकणाऱ्या मावशींनी शेवटी हात जोडले. लाँचमध्ये मास्तरच्या टोपीवर समुद्रपक्ष्याने आपले काम केले आणि आम्ही मांडव्यापासून गेटवेपर्यंत हसत होतो. औषधवाला सर्वांत जास्त.

चित्रपटात असते, तर त्या रात्री आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या असत्या आणि मागे गिटार वाजली असती. सकाळी चौघांनी मिळून दुकान वाचवले असते. आम्ही बारा वाजता निघालो. दुकान मार्चमध्ये गेले. त्या रात्रीचा विषय तेव्हापासून आमच्यात निघालेला नाही. मात्र मास्तर दर रविवारी सकाळी त्याच्याकडे चहाला जाऊन बसतो. मास्तरचे घर अगदी उलट दिशेला आहे, हे मी कोणाला सांगत नाही.

म्हणून गोरिंगच्या प्रसंगानंतर धुण्याचा विनोद येतो याचा दोष मी जेरोमला देणार नाही. त्याला दोष द्यायचा तर तो त्या दीड पानातल्या विशेषणांबद्दल द्यावा. नदीने त्या बाईला कसे कुशीत घेतले वगैरे मजकूर त्याने लिहिला नसता तर बरे झाले असते. ती घटना सांगितली, एवढेच पुरे होते. आणि त्याने पुढे होडी सोडली हे अगदी बरोबर केले. तिघेही ती बाई विसरले, असे पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही.

पुस्तकाचा शेवट मला फार आवडतो. परतीच्या वाटेवर पाऊस जो धरतो तो सोडत नाही. ओल्या होडीत ताडपत्रीखाली बसून तिघे पत्ते खेळतात. जॉर्ज बॅंजोवर एक हलकेफुलके गाणे वाजवतो, तर ते स्मशानातून आल्यासारखे वाटते आणि हॅरिस रडायला येतो. आपण शेवटपर्यंत होडीनेच जायचे अशी शपथ तिघांनी घेतलेली असते. माघार घ्यावी असे तिघांच्याही मनात असते. पण प्रथम कोण बोलणार? मग एक जण सहज म्हणून पँगबोर्नहून सुटणाऱ्या गाडीची वेळ काढतो. कोणी काही बोलत नाही, तिघे नुसते एकमेकांकडे बघतात. पुढे काय, तर एका होडीवाल्याकडे होडी ठेवून, उद्या सकाळी नऊला येतो असे त्याला बजावून, तिघे आणि कुत्रा मान खाली घालून स्टेशनाकडे पसार होतात. रात्री लंडनच्या उबदार हॉटेलात चमचमीत जेवतात आणि होडीतून सुटका झाल्याबद्दल पेले उंचावतात. एकट्याने शपथ मोडली तर तिला कच खाणे म्हणतात. तिघांनी मिळून मोडली तर ती सहल होते. जेरोमच्या तिघांनी बैलांपुढे धावण्याऐवजी पावसापुढे धावणे पसंत केले, आणि मला वाटते त्यांच्या मैत्रीला तेच जास्त मानवले.

१९०० साली जेरोमने याच तिघांना सायकलींवर बसवून जर्मनीत पाठवणारे दुसरे पुस्तक काढले, 'थ्री मेन ऑन द बमेल'. एव्हाना लेखक आणि हॅरिस संसारी झालेले आहेत आणि आधी बायकांची परवानगी काढावी लागते, तो भाग झकास आहे. बाकीच्या पुस्तकात होडी नाही हे सारखे जाणवत राहते. सायकलवर तिघांना एकाच वेळी एकाच डब्याचा राग येऊ शकत नाही.

राहता राहिला जॉर्ज. आमच्या संवर्गाला हल्ली कारकून म्हणत नाहीत. २०२४च्या करारानंतर आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो आहोत. दुपारी तीनच्या सुमारास पेंग मात्र पूर्वीइतकीच येते. तेव्हा जॉर्जच्या खऱ्या आयुष्याचे पुढे काय झाले, याची मला व्यावसायिक उत्सुकता होती. जेरोमच्या आत्मचरित्रात उत्तर सापडले. ज्याच्या झोपेवर त्याने आख्ख्या जगाला हसवले, तो जॉर्ज विंग्रेव्ह बँकेत चढत चढत मॅनेजर झाला होता. ही बातमी मी आमच्या शाखेत सर्वांना वाचून दाखवली. कोणालाही यात विसंगत असे काही वाटले नाही. साहेब तेव्हा केबिनमध्ये होते. त्यांना मात्र उठवले नाही.